विंडोज १० वरून लिनक्सवर जाताना: आधी फाइली, मग प्रोग्राम, प्रणाली सर्वांत शेवटी

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: तालुक्याच्या गावी आपले छोटे कार्यालय आहे, तेथे अर्ज-प्रतिज्ञापत्रांचे टंकलेखन, लग्नपत्रिकांची मांडणी आणि काही व्यापाऱ्यांचे हिशेब अशी तीन कामे तीन डेस्कटॉपवर चालतात, शिवाय घरी एक लॅपटॉप आहे. चारही संगणकांवर विंडोज १० आहे आणि एकावरही विंडोज ११ बसत नाही. तेव्हा चारही संगणक पुसून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स (संगणक चालवणारी दुसरी मूळ प्रणाली) बसवावे का, आणि बसवायचे तर कोणते? गेली सुमारे वीस वर्षे मी शाळा, छोटी कार्यालये आणि घरे यांतील संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेत आलो आहे आणि त्यांपैकी काही मला परत विंडोजवर आणावेही लागले आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की चारही संगणक एकदम नेऊ नयेत. घरचा लॅपटॉप लगेच न्यावा, टंकलेखनाचा संगणक काही महिन्यांच्या तयारीनंतर न्यावा, आणि हिशेबाचा व पत्रिकांचा संगणक तूर्त जागचा हलवू नये.

प्रथम मुदतीविषयी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवरील दुरुस्त्या येणे थांबले. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत या दुरुस्त्या पुढे चालू ठेवण्याची सोय जाहीर केली. आपले संगणक विंडोज ११ नाकारतात याचे कारण बहुधा त्यांची गती नसून त्यांचे वय आहे: त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा आय-५ टंकलेखनाला आणखी पाच वर्षे सहज पुरेल, पण विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत त्याचे नाव नाही. अशा संगणकांना लिनक्स मानवते. मात्र त्यांत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला. जुना संगणक वेगवान झाला म्हणून लोक लिनक्सचे कौतुक करतात, तेव्हा अनेकदा ते श्रेय त्या एसएसडीचे असते.

खर्च वाचेल का, हेही आपण विचारले आहे. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत, याचा येथे उपयोग होतो. लिनक्स बहुधा मोफत मिळते, पण त्याचे खरे वैशिष्ट्य मुक्त असणे हे आहे: ते वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मुभा परवान्यातच दिलेली असते. नुसत्या मोफतपणाचे आकर्षण आपल्याकडे कोणाला वाटावे, हा प्रश्नच आहे, कारण ‘फॉरमॅट मारून’ देणाऱ्याने विंडोजही अनेकांना फुकटच घालून दिलेली आहे. आपला पैसा वाचेल तो नवे संगणक घ्यावे न लागल्यामुळे. सवयी बदलण्यात आणि जुन्या फाइली सुधारण्यात जो वेळ जाईल, तो मात्र खर्चाच्या बाजूला मांडा.

आता क्रमाविषयी, कारण माझ्या मते सगळे त्यावर अवलंबून आहे. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये विंडोज तशीच ठेवून आधी ओपनऑफिस हा कार्यालयीन प्रोग्राम-संच वापरायला घेतला, २००६ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर व थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्राम आणला, आणि त्यानंतर, २००८ पासून, उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेली स्वतःची प्रणाली बसवायला सुरुवात केली. ज्या दिवशी प्रणाली बदलली त्या दिवशी शिपायासमोरचे रोजचे प्रोग्राम ओळखीचेच होते. म्युनिक महापालिकेचे उदाहरण याच्या उलट बाजूने नेहमी दिले जाते. तेथे २००३ मध्ये निर्णय झाला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर गेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचे ठरले. त्या माघारीत राजकारणही होते, त्यामुळे तिला लिनक्सचा पराभव म्हणणे मला पटत नाही. पण बाहेरच्यांशी होणारी कागदपत्रांची देवघेव आणि विंडोजवरच चालणारे विशेष प्रोग्राम ही तेथील कायमची डोकेदुखी होती, आणि ती तीन संगणकांच्या कार्यालयातही तशीच असते.

हा क्रम मी स्वतः एकदा उलटा केला होता. एका शाळेच्या कार्यालयातील सगळे संगणक दिवाळीच्या सुटीत मी लिनक्सवर नेले. सगळे सुरळीत चालत होते, प्रिंटरही चालत होता. शाळा उघडल्यावर लिपिकबाईंनी मागील वर्षांच्या दाखल्यांची फाइल उघडली, आणि पडद्यावर विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची खिचडी दिसली. फाइल शाबूत होती. चूक माझी होती. ती फाइल कोणत्या फाँटमध्ये आहे हे मी पाहिलेच नव्हते. बाईंनी मला फक्त एवढेच विचारले, “दाखला आज न्यायला आलेत, त्यांना काय सांगू?” त्या आठवड्यात एक संगणक परत विंडोजवर गेला.

आपल्या टंकलेखनाच्या संगणकावर हाच प्रकार निश्चित असणार, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वीचे श्रीलिपी, कृतीदेव, आकृती, शिवाजी किंवा सी-डॅकचे सुरेख यांसारखे जे फाँट महाराष्ट्रातील कार्यालयांत आणि छापखान्यांत चालत आले, त्यांतील मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. फाइलमध्ये साठवलेले असते इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे क्रमांक, आणि फाँट त्या क्रमांकाच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा काढून दाखवतो. फाँट नाही, तर मराठी नाही. ज्या फाँटची साधी टीटीएफ फाइल हाती आहे आणि ज्याचा परवाना तशी मुभा देतो, तो लिनक्सवर घालून जुनी फाइल वाचता येते. पण त्याच फाँटमध्ये नवे टंकायचे तर कळा दाबल्यावर योग्य तुकडे जोडणारा त्याचा जोडप्रोग्राम लागतो, आणि तो विंडोजवरच चालतो. काहींना तर डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय काम करता येत नाही.

म्हणून पहिले काम विंडोजवरच करायचे: ज्या फाइली पुढेही वापरात राहणार आहेत, त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. यासाठी परिवर्तक मिळतात, परंतु त्यांचा निकाल डोळे झाकून घेण्यासारखा नसतो. जुन्या फाँटमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे साठवलेला असतो. ‘किल्ला’ मध्ये आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने असतो. आधी क, मग वेलांटी. रफाराचे याहून वाकडे: ‘सूर्य’ मधील रफार जुन्या फाँटमध्ये य च्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये त्याचा र य च्या आधी जातो. परिवर्तकाला ही उलटापालट प्रत्येक जोडाक्षरासाठी करावी लागते, आणि जेथे वेलांटी, रफार व अनुस्वार एकत्र येतात तेथे तो अडखळतो. मराठीचा खास अडथळा म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. मुख्यतः हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकाला डोंगरातील दऱ्या ठाऊकच नसतात. तो त्यांचा समुद्र करून टाकतो. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांसमोर’ हे शब्द रूपांतरानंतर मुद्दाम शोधून पाहा. यात आणखी एक मेख अशी की युनिकोडमध्येही हा अर्धा र पूर्वी एका पद्धतीने आणि आता दुसऱ्या पद्धतीने लिहिला जातो. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही.

सगळा इतिहास रूपांतरित करण्याच्या भरीस पडू नका. प्रतिज्ञापत्रे, करारनामे, अर्ज यांचे जे पन्नास-साठ नमुने आपण रोज उघडता, तेवढे युनिकोडमध्ये आणा आणि कागदावर छापून एका माणसाने शब्दशः वाचावेत. उरलेल्या जुन्या फाइलींच्या पीडीएफ प्रती काढून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधला जातो, त्यामुळे ती कोठेही जशीच्या तशी दिसते आणि छापता येते. तिच्यातील मजकूर सहजासहजी बदलता येत नाही, पण दहा वर्षांपूर्वीचे प्रतिज्ञापत्र बदलायचे असतेच कोणाला?

दुसरे काम कळफलकाचे. आपल्या टंकलेखिका कोणत्या मांडणीवर लिहितात ते आपण कळवलेले नाही. इन्स्क्रिप्टवर लिहीत असतील तर प्रश्नच नाही: भारत सरकारने १९८० च्या दशकात प्रमाणित केलेली ही मांडणी विंडोजवर आणि लिनक्सवर एकच आहे, आणि लिनक्समध्ये कळफलकांच्या यादीतून मराठी निवडली की ती मिळते, वेगळे काही बसवावे लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असेल तर आयबस किंवा फिटएक्स या भाषा-टंकनाच्या साधनाला एम-१७-एन या पूरक प्रोग्रामची जोड देऊन तशीही सोय होते, मात्र शब्द सुचवण्याची सवय लागलेल्यांना ती थोडी कोरडी वाटते. खरी अडचण टंकलेखन यंत्राच्या म्हणजे रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर हात बसलेल्यांची. ती मांडणी मराठीच्या सगळ्या चिन्हांसह, त्यांच्या बोटांना हवी तशी हुबेहूब मिळेल असे गृहीत धरू नका. ताशी ठरावीक पाने काढणाऱ्या व्यक्तीला नवी मांडणी शिकायला लावणे म्हणजे तिची कमाई काही आठवडे निम्म्यावर आणणे होय; तिची तयारी नसेल तर त्या संगणकावर विंडोजच राहू द्यावी, असे मी स्पष्ट सांगेन. तयारी असेल तर इन्स्क्रिप्टचा सराव आजच, विंडोजवरच सुरू करावा.

तिसरे काम म्हणजे प्रोग्राम बदलणे, आणि तेही विंडोजवरच. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारा मुक्त प्रोग्राम-संच) विंडोजवर चालते. ते बसवा, आणि दोन-तीन महिने सगळे नवे काम त्यातच करा. बसवल्यावर भाषेच्या मांडणीत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडा. हे केले नाही तर फाँटच्या खिडकीत देवनागरीसाठीचा भागच दिसत नाही. परिच्छेदाच्या शैलीत इंग्रजीचा आणि मराठीचा फाँट व आकार स्वतंत्रपणे ठरवावा लागतो, आणि नवखा माणूस येथेच सर्वाधिक चिडतो. विंडोजचा मंगल हा फाँट लिनक्सबरोबर येत नाही, म्हणून त्यात केलेली पाने तेथे वेगळ्या ठिकाणी तुटतात. मुद्रांक कागदावर मोजून बसवलेला मजकूर दोन ओळींनी खाली सरकला तर ते हसण्यावारी नेण्यासारखे नसते. तेव्हा आत्ताच नोटो सान्स देवनागरी, लोहित किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्ता यांपैकी एक मुक्त फाँट निवडून सगळे नमुने त्यात आणा. तोच फाँट दोन्हीकडे असला की ओळी बहुतांशी जागच्या जागी राहतात. वकिलांना किंवा पक्षकारांना अंतिम मजकूर पीडीएफ म्हणूनच पाठवावा, आणि त्यांना बदल करून हवा असेल तेव्हाच वर्डच्या स्वरूपातील फाइल द्यावी.

हिशेबाच्या संगणकाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. टॅली विंडोजसाठीच आहे. वाइन या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून ती चालवण्याचे उपाय सांगणारे भेटतील, परंतु दुसऱ्याच्या हिशेबावर असे प्रयोग करू नयेत. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये जशाच्या तशा चालत नाहीत, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर (यंत्र चालवणारे छोटे प्रोग्राम) काही उत्पादक देतात, काही देत नाहीत. जीएसटीचे विवरण एकल मालकीच्या व्यापाऱ्याला ओटीपीवर आधारलेल्या ईव्हीसी या इलेक्ट्रॉनिक पडताळणीने दाखल करता येते व ते कोणत्याही ब्राउझरमधून होते; पण आपले एखादे ग्राहक कंपनी असेल तर स्वाक्षरीचे टोकन लागणारच. नवा संगणक एकच घ्यायचा असेल तर तो विंडोज ११ सह या कामासाठी घ्या.

पत्रिकांच्या संगणकावर पेजमेकर किंवा कोरलड्रॉ आणि जुने फाँट असणार. इंकस्केप हा रेखाचित्रांचा उत्तम प्रोग्राम आहे आणि स्क्रायबस या पानमांडणीच्या प्रोग्रामच्या अलीकडच्या आवृत्त्या देवनागरी नीट मांडतात, तरीही लग्नसराईत पत्रिकेचा जुना साचा उघडून अर्ध्या तासात नावे बदलून देण्याचे काम त्यांवर होणार नाही, कारण साचे त्या फाँटना आणि त्या प्रोग्रामला जखडलेले आहेत. हा संगणक आहे तसा ठेवून त्याचे इंटरनेट काढून टाका. फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा, आणि तो पेनड्राइव्ह त्याच कामासाठी राखीव ठेवा.

आता लिनक्स कोणते, या प्रश्नाकडे येतो; लोक याच्यावर सर्वाधिक वाद घालतात आणि याने सर्वांत कमी फरक पडतो. मी आपल्याला लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती सुचवेन. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, अशी तिची रचना विंडोजवाल्याला परकी वाटत नाही. २०२४ मध्ये आलेली मिंट २२ ही उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. चार जीबी रॅम असेल तर ती सुखाने चालते. दोनच जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या. केरळच्या सरकारी शाळांनीही उबुंटूवरच बेतलेली प्रणाली वर्षानुवर्षे वापरली आहे, म्हणजे हे घराणे आपल्याकडील जुन्या यंत्रांवर पारखलेले आहे.

बसवण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि रुफस किंवा एचर हा प्रोग्राम पुरतो. संगणकाच्या डिस्कला धक्का न लावता मिंट तात्पुरती सुरू होते. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, स्कॅनर दिसतो का, हे एक तास बसून तपासा. प्रिंटरविषयी विशेष सावध राहा. गेल्या दहा-बारा वर्षांतील नेटवर्कवर चालणारे बरेच प्रिंटर लिनक्सवर ड्रायव्हरशिवायच चालतात. परंतु आपल्याकडे जागोजागी दिसणारे जुने, स्वस्त लेझर प्रिंटर वेगळ्या जातीचे आहेत. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीच्या प्रोग्रामबरोबर एक वेगळा प्लगइन उतरवून घ्यावा लागतो, मग तो व्यवस्थित चालतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या त्यांच्या खास पद्धतीने बोलतो, आणि नव्या प्रणालींवर त्याचा ड्रायव्हर बसवणे हे हौशी माणसाचे काम आहे. आपल्याकडे तो असेल तर तो हिशेबाच्या संगणकालाच जोडलेला राहू द्या.

घरच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवायची असेल तर तीन गोष्टी आधी करा. सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद आहे का ते पाहून तिची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवा. अनेक लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपेत राहते आणि लिनक्सला डिस्कवरील तिच्या विभागात लिहिता येत नाही. जागा मोकळी करताना विभाग विंडोजच्याच साधनाने आकसून घ्या. दोन्ही प्रणाली बसल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागले तर घाबरू नका: लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते, लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा दिली की दोघांचे जुळते.

बसवल्यानंतर लगेच टाइमशिफ्ट चालू करा. ते प्रणालीची स्थिती नियमित टिपून ठेवते आणि एखाद्या अद्ययावतीकरणानंतर काही बिघडल्यास कालच्या स्थितीत परत नेते. मात्र आपल्या स्वतःच्या फाइलींची प्रत ते घेत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. प्रोग्राम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, कोठल्याही संकेतस्थळावरून उतरवून नव्हे, आणि इंटरनेटवर सापडलेली आज्ञा अर्थ न कळता पासवर्डासह चालवू नका. गावातील दुरुस्तीवाल्याला आधीच सांगून ठेवा की या यंत्रावर लिनक्स आहे. वायफाय चालेना म्हणून नेलेला लॅपटॉप संध्याकाळी ‘साफ करून’ आणि विंडोज घालून परत आल्याची दोन उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत, आणि दोन्ही वेळा माणसाने ते मनापासून मदत म्हणूनच केले होते.

टंकलेखनाच्या संगणकाची पाळी येईल तेव्हा मला तीन गोष्टी कळवा: नमुन्यांपैकी किती युनिकोडमध्ये आले, टंकलेखिका कोणत्या कळफलकावर लिहितात, आणि प्रिंटरचा नेमका क्रमांक काय. त्यावरून मिंट लगेच बसवायची की आणखी थांबायचे ते सांगता येईल.